आखी के भरडेली

खंडेराव मार्केटमागच्या दुकानात
भोगीलालने माप हातात धरून विचारलं,
'जुवार आखी आपुं के भरडेली?'
एरवी मी भरडेलीच घेते. एकटीला कुठे
तासन्‌तास गॅस जाळायचा.
पण म्हणाले, आखी.
दादा सोबत होता म्हणून नव्हे.
बरं, म्हणूनच.

रात्री भिजत घातली.
सकाळी बोट घालून पाहिलं, तर दाणे होते तसेच,
फक्त जरा थोराड झालेले,
पन्नाशीनंतर आपण होतो तसे.

दादाला म्हटलं, कोपऱ्यावरून रताळू आण पावशेर.
तो गेला आणि घेऊन आला
लाल सालीची रताळी.
अरे, इथे रताळू म्हणजे तो जांभळा कंद!
दांडिया बाजारात जन्मलास ना तू?
तो पिशवीत बघत राहिला.
तीस वर्षं सांगलीत काढली की
एवढा एक ऊकार निसटतो
माणसाच्या हातून.
'रस्ताभर दोरी रंगवतायत,' तो म्हणाला,
'गुलाबी. अजून तश्शीच.'

ठीक आहे. रताळी तर रताळी.
ओल्या तुरीच्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या,
सुरती पापडी मी घेतली.
ओली हळद किसून नखं पिवळी झाली,
हिरव्या लसणीचा वास जिन्यापर्यंत गेला,
वरच्या कोकिळाबेन डोकावून गेल्या:
'भाई आव्या छे?'
हो म्हटलं. आव्या छे.

सहा शिट्ट्या. झाकण काढलं, तर कडक.
आणखी चार.
त्याच्या मोजणीने दहा झाल्या, माझ्या मोजणीने अकरा.
आमचं हे जुनंच.
घर विकलं तेव्हा
आईचे पितळी डबे त्याने नऊ मोजले होते
आणि मी आठ.
त्यावर एक पत्र आलं, एक गेलं,
मग सोळा वर्षं काहीच नाही.

'ओवा कुठेय?' त्याने विचारलं.
मी फोडणीत मोहरी टाकत होते,
हात थांबवता येत नव्हता,
मानेनेच दाखवलं.
त्याने फळीवरून डबा काढला.
झाकण उघडलं, चिमूटभर ओवा
तळहातावर चोळून टाकला.
काही म्हणाला नाही.
झाकण लावताना मात्र
अंगठा फिरवला त्या कडेवरून,
जिथे पोचा आलाय,
जिथे त्यानेच तो डबा लहानपणी
जिन्यावरून सोडला होता, आवाज ऐकायला.

मोहरी तडतडून काळी झाली.

नंतर केव्हातरी ज्वारी फुलली.
दाणा न्‌ दाणा तोंड उघडून बसलेला,
आणि तरी सबंध.
रताळ्यांनी खिचड्याला नको तितकं गोड केलं होतं.
वरून तूप घेतलं, लिंबू पिळलं,
दादा डाव्याच बाजूने चावत होता,
उजवीकडच्या दाढा कधी गेल्या
मला ठाऊक नाही.
'जरा कच्ची राहिलीय,' म्हणाला
आणि ताट पुढे केलं.

त्याचं परतीचं तिकीट
उद्या सकाळचं.

रात्री पाणी प्यायला उठले
तर ओट्यावर पातेलं, वर ताटली झाकलेली.
उरलेली सगळी ज्वारी
त्याने भिजत घातली होती.
चार माणसांना पुरेल एवढी,
आणि पाणी कमी.

मी तांब्याभर वाढवलं.