मोजणी

रात्रभर समुद्रावरून पाऊस येत होता.
पहाटे नुगझार म्हणाला, अडकून पडलेले सगळे आज निघतील,
आणि कॉफीचा गाळ त्यानं
परसातल्या संत्र्याच्या बुंध्याशी ओतला.

टेकडीवर आम्ही सातजण.
माझ्या मुठीत मोजणीचं यंत्र, अंगठ्याखाली एकच कळ.
माझ्या वाट्याला फक्त मधुबाज.
घारी मार्येकडे, ती दरवर्षी एस्टोनियाहून येते
आणि आमच्या भाषेत आता शिव्याही देते.

नऊपर्यंत काही नाही.
चहाच्या ओसाड मळ्यातून धुकं वर सरकत होतं.
खाली अंगणात हेझलनट वाळत घातलेले,
लामारामावशी कोंबड्या हाकत होत्या,
त्यांचं हाड् हाड् इथवर येत होतं.

मग उत्तरेच्या कड्यावर एक ठिपका.
ठिपक्याला ठिपके फुटले.
तापल्या हवेच्या रहाटावर गरगरत चढले,
पंख न हलवता,
आणि माथ्यावर पोचून दक्षिणेला ओघळले
फाटक्या पोत्यातून गहू सांडावा तसे.

कट् कट् कट् कट्.
चारशे बारा. चारशे तेरा.
डोळे पुढे धावतात, अंगठा मागे राहतो.

नुगझार माझ्या मागे उभा, दुर्बिणीवाचून.
"नर. ती जुनी मादी. तो यंदाचा,
बघ, वारा अजून जमत नाहीये त्याला."
तो चुकत नाही.
नव्या मुलानं विचारलं, कुठे शिकलात?
"हातात धरून," तो म्हणाला,
आणि हात खिशात घातले.

त्या मुलाला कळलं नाही.
आम्ही गावचे. आम्हाला माहीत आहे
या दिवसांत कुठल्या चुलीवर काय शिजायचं.
आमच्याच कुंपणाला काठीवर बसवलेला असायचा
आमिषाचा खाटीक पक्षी,
डोळ्यांवर चामड्याची इवली झापडं.
मीही खाल्लंय. लसणीचा रस्सा.
मोजताना चव येते जिभेवर,
कुणाला सांगत नाही.

आठशे साठाला
खालच्या ओढ्याकडून बार ऐकू आला.
एकच.
वरचा थवा जरासा विस्कटला, पुन्हा जुळला.
मार्येनं दुर्बीण खाली घेतली.
नुगझारकडे कुणी पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

मी यंत्राकडे बघत राहिले.
ते पुढेच जातं.
एक वजा करायची कळ त्याला नाही.

"मोज," तो म्हणाला, घसा खाकरून,
"डावीकडे बघ, केवढे आलेत."
आणि खरंच आले होते.