कंचुकीची नऊ वाक्यं

बार्शीचा प्रयोग त्याचा राजा म्हणून शेवटचा होता.
हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं.
प्रॉम्प्टरला अशा गोष्टी आधी कळतात,
पुढच्या तारखांसमोरची नावं वहीत मीच लिहितो.

तिसऱ्या अंकात, वियोगाच्या पदाआधी
तो थांबला.
लोकांना वाटलं, काय ठहराव घेतलाय!
मी डाव्या विंगेतून शब्द टाकला.
पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा तर पहिल्या रांगेतल्या
लहान मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं.
त्यानं नाही.
पेटीवर सुलाखे होते, त्यांनी षड्ज सोडला नाही,
भरलेली कळशी पायरीवर धरून ठेवावी तसा धरला,
आणि तो सुराकडून शब्दाकडे आला,
उलट्या वाटेनं.

टाळ्या पडल्या.
परतीच्या टेम्पोत, गुंडाळलेल्या राजवाड्यावर बसून
किरीट मांडीत घेऊन तो म्हणाला,
"नागेशा, आज एक पायरी कमी होती रे."

लक्ष्मीनारायण कुरापाटी.
साखर पेठेत लच्चन्ना.
बत्तीस वर्षं अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर,
रात्री तालमीला येई तेव्हा भुवयांत कापसाची भुकटी,
मेकअपवाला म्हणायचा, म्हाताऱ्याचा रोल फुकटात होईल तुझा.
तेव्हा आम्ही हसलो होतो.

घरात तेलुगू. म्हणून सुरुवातीला
त्याचा घन 'गन' व्हायचा, भय 'बय'.
मास्तरांनी तोंडासमोर मेणबत्ती धरली:
भ म्हटला की ज्योत हलली पाहिजे.
महिनाभरात त्यानं दोन डझन मेणबत्त्या हलवल्या,
मिशीचं एक टोक जाळलं,
आणि मग जे मराठी बोलू लागला
ते आम्हा जन्मानं बोलणाऱ्यांना ऐकून
आपापली जीभ तपासावीशी वाटली.

आता फाल्गुनात नवं नाटक, स्मृती मंदिरात.
राजा जुळे सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा,
गळा गोड, तलवार मात्र छत्रीसारखी धरतो.
लच्चन्नाला कंचुकी.
पद नाही. नऊ वाक्यं.
मी मोजली, त्यानंही मोजली असणार,
दोघांनी एकमेकांना आकडा सांगितला नाही.

अनसूयम्मा दारात विड्या वळत होती.
त्यानं वही पुढे केली. तिला मराठी वाचता येत नाही,
पण ओळींची लांबी कळते.
"अंतेना?" म्हणाली. एवढंच?
सुपातली तंबाखू सारखी केली,
आणि पुन्हा काही बोलली नाही.

काल तालमीला लवकर गेलो तर
अंधाऱ्या रंगमंचावर एक मेणबत्ती.
"अभय असावं, महाराज. धाकट्या राणीसाहेबांचा
निरोप घेऊन आलो आहे."
पहिलं वाक्य. ज्योत हलली.
पुन्हा म्हटलं. ज्योत हलली.
मी खोकलो, तो वळला नाही.
मी त्याच्या डावीकडे उभा होतो.
उजवीकडे जाऊन खोकलो, तेव्हा म्हणाला,
"कधी आलास?"

बत्तीस वर्षांच्या खडखडाटानं
नेमका कुठला कान नेला ते मला आता कळलं.
बार्शीत तो विसरला एकदाच.
उरलेल्या तीन वेळा मीच चुकीच्या बाजूला होतो.

मी खुर्ची उजव्या विंगेत हलवली आहे.
समितीनं विचारलं तर सांगणार,
डावीकडे पंख्याचा वारा लागतो, पानं उडतात.
नऊ वाक्यांना प्रॉम्प्टर लागत नाही,
हे त्यांना ठाऊक आहे, मलाही.
त्या पोराच्या पदांच्या वेळी मात्र
कंचुकीचे ओठ हलताना दिसतात,
आणि तिथं मी वहीचं पान उलटत नाही.