कंटिन्युइटी

पहिल्या टेकला पेला उजव्या हातात,
दुसऱ्या टेकला डाव्या,
हे वहीत टिपायचे मला महिना साडेसातशे मिळायचे.
वही लांबट, वाण्याकडे उधारीची असते तशी.

मोरेश्वर अजिंक्य. आडनाव असं,
आणि सातपैकी पाच सिनेमे दुसऱ्या शुक्रवारआधीच उतरलेले.
आठवा, 'तबकडी आली दारी'.
परग्रहावरून मुंबई जिंकायला येतात.
यान बांधायला पैसे नव्हते,
म्हणून त्यांनी यान दाखवलंच नाही:
फणसवाडीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड,
त्यांच्यावरून सरकत जाणारी एक गोल सावली,
आणि एक बाई, वर न बघता,
चटई परत उन्हात ओढते.
बस्स. आक्रमण सुरू.

पुढे पैसे आले
(निर्मात्याच्या मेहुण्याने पिठाची गिरणी विकली)
तरी कॅमेरा भलतीकडेच बघत राहिला.
शहर जळतंय, असं रेडिओवर ऐकू येतं.
पडद्यावर इस्त्रीवाला
एका सदऱ्याची कॉलर तीनतीनदा फिरवून बघतोय.
"स्फोट सगळ्यांनी बघितलाय," अजिंक्य म्हणायचे,
"कॉलर कोण बघतो?"

विनोद झाला की दोन सेकंद रिकामे सोडायचे.
एडिटर पेस्तनजी वैतागायचा, इथे काहीच घडत नाही!
"घडतंय की. मागच्या रांगेतला हसतोय.
त्याला जरा उशिरा कळतं."

परग्रहवासी तिघे. डोक्यावर मोदकपात्रातली चाळण,
कानाशी सायकलच्या स्पोकचे अँटेना.
म्होरक्या झालेले बाळा वेंगुर्लेकर सहकारी बँकेत कॅशियर,
अर्धी रजा टाकून येत,
आणि धमकीसुद्धा पासबुक परत करावं तशी देत:
"आपला ग्रह ताब्यात घेण्यात येत आहे.
कृपया सहकार्य करावे."

शिवडीच्या चिखलात उतरण्याचा प्रसंग.
ओहोटी, मागे तेलाच्या टाक्या,
आणि न बोलावता आलेले हजारभर फ्लेमिंगो.
सगळे म्हणाले, हाकला, फ्रेम खराब होतेय.
अजिंक्य खुर्चीवरून उठले, चप्पल रुतली,
ती तिथेच सोडून पुढे गेले,
आणि उभ्या उभ्या पटकथा बदलली.
परग्रहवासीयांना वाटतं, हेच इथले राज्यकर्ते:
एका पायावर उभे, माना खाली, अर्जाला उत्तर नाही.
शरणागतीचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवून
तिघे अकरा दिवस थांबतात.
भरती येते. मसुदा वाहून जातो.
म्होरक्या चाळण काढतो, घाम पुसतो,
"उद्या या म्हणतायत."

त्या शॉटनंतर मी वही घेऊन धावले.
सर, अँटेना आधी डावा वाकलेला होता, आता उजवा.
त्यांनी वही घेतली, वाचल्यासारखं केलं.
"दुसऱ्या ग्रहाचे आहेत ते.
त्यांचं डावं-उजवं आपल्यासारखं कशाला असेल?"
नोंद खोडली नाही मात्र. खाली बारीक सही केली.

लालबागच्या थेटरात नऊ दिवस चालला.

परवा रात्री अडीचला
डाव्या गुडघ्याला शेक देत बसले होते,
कुठल्याशा चॅनलवर लागला.
रंग उडालेत, फ्लेमिंगो नुसते राखाडी.
अँटेना बरोबर चुकीच्या बाजूला.
आणि फ्रेमच्या कडेला, त्या दोन रिकाम्या सेकंदांत,
एक हात. शाई लागलेली बोटं, लांबट वही.
माझा.

तेव्हाही दाखवला होता मी त्यांना, मूव्हिओलावर, घाबरत,
साडेसातशे गेले असं धरून.
त्यांनी रीळ मागे घेतलं, पुन्हा बघितलं,
पुन्हा एकदा.
राहू दे, म्हणाले.
एवढं आक्रमण होतंय,
कोणीतरी लिहून घेत असणारच.

जाहिराती लागल्या.
शेकाची पिशवी उजव्या गुडघ्यावर कधी आली,
लक्षात नाही.