एक चौरस सेंटिमीटर

तार्तूच्या बियाणे-तपासणी कचेरीत तेवीस वर्षं
मी उगवलेलं मोजतो आहे.
ओल्या कागदावर बार्लीचे शंभर दाणे,
सात दिवस, वीस अंश,
मग चिमट्याने एकेक उचलायचा:
हा जिता, हा मेलेला, हा नुसताच फुगलेला.
नुसत्याच फुगलेल्याला मी कधी पास केलं नाही.

घरी मात्र न्हाणीघरातल्या फळीवर
बर्डॉकच्या मुळांचं तेल, आईने सांगितलेलं,
कॅफिनचा शांपू,
चिठ्ठीशिवाय मिळणारा मिनॉक्सिडिलचा फेस,
आणि शेजारच्या वाम्बोलाने अर्ध्या किमतीत गळ्यात मारलेला
लाल दिव्यांचा कंगवा.
वाम्बोला स्वतः तुळतुळीत.
म्हणाला, मी उशिरा सुरू केला.
चारही एकदम लावले मी.
सहाव्या आठवड्यात मोरीच्या जाळीवर गुंता आला
आणि माहितीपत्रकात लिहिलेलं, घाबरू नका, हे चांगलंच लक्षण.
कचेरीत कुणी असा नमुना आणला असता,
एका वाफ्यात चार खतं, शेजारी कोरा वाफा नाही,
तर दारातूनच परत धाडला असता.

म्हणून चाचणीत नाव घातलं.
दवाखान्याचा तिसरा मजला, परिचारिका मारिका.
तिने टाळूच्या उतारावर नाण्याएवढी जागा कातरली,
मधोमध सुईने ठिपका गोंदला,
दर वेळी तीच जागा सापडावी म्हणून.
तीळ, मी म्हटलं.
पेरलेला एकच, तोही न उगवणारा.
कॅमेरा टेकवून तिने मोजले. एकशे बेचाळीस.
बाटलीवर नाव नव्हतं, आकडा होता.
आत काय ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.
इतका प्रामाणिक अंधार मला आवडला.

चोवीस आठवडे, सकाळ-संध्याकाळ एकेक मिली.
एमायोगी गोठली. औषध वाळायला हवं
म्हणून मी उघड्या डोक्याने पूल ओलांडायचो.
परत केलेल्या बाटल्या मारिका वजनकाट्यावर ठेवायची.
एकदा थबकली.
"जास्त वापरताय तुम्ही. जवळजवळ दुप्पट."
नाही, म्हणालो मी.
मग पुलाच्या मधोमध उकुचं कपाळ आठवलं.

सतरा वर्षांचा. हल्ली कडी लावून घेतो,
आरशावरचा दिवा जळत राहतो,
जेवतानाही टोपी काढत नाही.
मी बाटली वरच्या फळीवर ठेवली.
तो माझ्याहून वीतभर उंच आहे.
रात्री त्याच्या दाराबाहेर उभा राहून श्वास ऐकला,
विचारलं काहीच नाही.
मारिकाला सांगितलं, हातच सैल आहे माझा.
तेवीस वर्षांतली ही माझी एकुलती खाडाखोड.

शेवटची मोजणी: एकशे एक्कावन्न.
नऊ जास्त.
एवढा फरक कागदाच्या ओलीनेही पडतो,
नवख्यांना मीच शिकवतो हे.
तरी गाडीत बसल्यावर
त्या नवांना नावं ठेवावीशी वाटली,
बारशात ठेवतात तशी.

मार्चमध्ये पत्र आलं.
आपल्याला दिलेल्या बाटल्यांत औषध नव्हतं,
ते विरघळवायचा द्रव होता फक्त,
पाणी, अल्कोहोल, थोडं ग्लायकॉल.
सहभागाबद्दल आभार.

पत्र हातातच होतं, आणि उकु स्वयंपाकघरात आला.
टोपी नव्हती.
"बाबा, बघ ना. इथे, कानशिलावर.
भरतंय ना जरा?"
खिडकीचा उजेड पुरेसा होता,
तरी मी टेबलावरचा दिवा ओढला.
वाक थोडा.
कोवळी लव होती. की आधीपासूनच होती?
बोट टेकवलं तर कातडी गरम,
आणि तोच वास, माझ्या उशीच्या अभ्र्याला येणारा.
म्हणजे कुठेतरी काढून ठेवलंय त्याने अजून.

पत्र मी पावाच्या टोपलीखाली सरकवलं.
चिमटा कचेरीत राहिलेला.
दिवा आणखी जवळ धरला
आणि मोजायला लागलो,
मोठ्याने, एकेक,
मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून.