दीड फूट

कै. हिलाल चिंधू भोई, नावाडी.
महापुरात जलसमाधी.
वैशाख शुद्ध तृतीया, शके १८८१.
खाली चार भावांची नावं,
ज्यांनी स्वखर्चानं हा दगड बसवला.

साठ वर्षं गाव इथं नारळ फोडतं.
मीही फोडले. तीस वर्षं घरोघर मीटर वाचत हिंडलो,
पण हे रीडिंग रिटायर झाल्यावरच नीट वाचलं:
वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे आखाजी.
आखाजीला तापी
म्हशीच्या पोटालाही लागत नाही.

चोपड्याला, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत,
कपाटामागे गठ्ठा सापडला.
वाळवीनं मार्च खाल्लेला, एप्रिल अर्धा.
मे शाबूत.
सुवाच्य, तिरकं अक्षर:
पाणी दीड फूट. शेरा: निरंक.

पारावर विषय काढला,
तर बोलणं लगेच डांगरांच्या भावावर गेलं.

मग पायजमा दुमडून उताराला उतरलो.
पाणी गुडघ्याला.
तोंड बुडवून पाहावं म्हटलं,
तर चांगलंच वाकावं लागलं.
डांगरवाडीतनं पोरगं ओरडलं,
"बाबा, काय हरवलं?"

झेलाबाई, हिलालची भावजय, नव्वदीची,
कळण्याची भाकरी चुरत बसली होती.
वही उघडून आकडा सांगितला.
तिनं वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.
"पानी कितलं व्हतं ते इचारू नको, भाऊ.
हात कितला व्हतात, ते इचार."

मग घासागणिक थोडं थोडं:
आखाजीला माहेरी आलेली त्या चौघांची बहीण.
गौराईचं गाणं अर्धं टाकून
झोक्यावरून उतरली, हिलालला पाठीवरचे वळ दाखवले.
सासरी नको. इथंही नको. पल्याड सोड.
नाव तेव्हा काठावर पालथी, डांबर वाळत होतं.
तापीचा तळ त्याच्या पायांना पाठ होता;
अंधारात तिचा हात धरून डोह चुकवत नेलं.
पहाटे एकटाच परतला.
उताराला चौघे उभे.
झाऊच्या आडून झेलाबाईनं फक्त एक शब्द ऐकला,
पुन्हा पुन्हा तोच:
कुठं?
आणि मधूनमधून पाण्याचा आवाज.

संध्याकाळी परत दगडापाशी गेलो.
नावं मोजली. चार.
चार दुणे आठ.
वहीत लिहून ठेवलं, दाखवायला आता
त्यातलं कुणी उरलं नाही.

ती पलीकडे कुठल्या गावी पोचली,
कुणी दार उघडलं,
याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.
झेलाबाईलाही माहीत नाही.

हिलालनं सांगितलंच नाही.