हॉलिसचा मायक्रोमीटर

गॅरेजचं दार मी हातभरच उघडते,
धूर जावा, ऊब राहावी म्हणून.
आयडाहोतला मार्च.
पिकअपच्या चाकांचे चर चिखलात गोठून बसलेत
नोव्हेंबरात तो शेवटचा गाडी घेऊन गेला तसे.

शिसं वितळलंय. टायरच्या दुकानातून आणलेली
चाकांची वजनं, कुणाकुणाच्या गाड्यांचा तोल सांभाळून थकलेली.
मळी वर आली, ती पळीने काढली,
कडेकडेने, तो काढायचा तशी.
साचा उघडला की टॉवेलवर गोळ्या पडतात,
टप्, टप्, गरम, पांढुरक्या.

ओतताना जरा जाडच ठेवायची गोळी,
मग तरफेखाली कड्यातून दाबून काढायची, म्हणायचा.
जास्तीचं काढता येतं, ऑर्लीन,
कमी पडलेलं कुठून आणणार?
रश्श्यात मीठ घालतानाही हेच सांगायचा.
तिथे उलटं असतं
हे चाळीस वर्षांत त्याला पटलं नाही.

सैल गोळी नळीत आच निसटू देते,
शिशाचं किटण धरतं, मग बसा रात्रभर घासत.
घट्ट झाली तर स्लाइड अर्ध्यावर अडते
आणि एमेट पलीकडच्या टेबलावरून हसतो.
मधे जागा आहे ती केसाहून बारीक.
त्या जागेत माझ्या नवऱ्याने
जवळजवळ सगळे रविवार काढले.

वहीत त्याचं तिरकं अक्षर:
"ऑर्लीनचं पिस्तूल. नळी ३५५. गोळी ३५६.
एक जास्त. नेहमी एक जास्त."
खाली पेन्सिलीने: "दूध आण."

नाताळात बर्डेटने स्पोकेनहून नवा मायक्रोमीटर पाठवला,
बॅटरीवरचा, आकडे उजळणारा.
आज हॉलिसच्या कॉफीच्या डब्यातली एक गोळी
मी त्याच्या जबड्यात धरली.
३५७.
दुसरी घेतली. ३५७.
डबाभर मोजल्या. हात काळे झाले.
मग नळीतून मऊ शिशाचा गोळा तेल लावून ठोकला,
लाकडी दांड्याने, हळू,
अंगावर सहा वळ घेऊन बाहेर आला तो.
३५६.

त्याचा जुना काढला, बापाकडून आलेला,
पितळी पेटीतला.
जबडे मिटले. मधे काही नाही, दिव्याचा उजेडसुद्धा नाही,
तरी रेघ शून्यावर नाही.
एक घर खाली.

म्हणजे सगळा जन्म तो एकाने कमी मोजत आला.
नळीही कमी, गोळीही कमी,
आणि म्हणून सगळं नेमकं बसत गेलं.

मी स्टुलावर बसले.
शिशावर साय धरली.
आठवलं, डॉक्टर पडद्यावरची सावली दाखवत
मिलिमीटर सांगत होते,
आणि हा विचारत होता,
इंचाचे हजारावे किती होतात ते सांगा ना.
त्यांनी सांगितलं. त्याने मान हलवली,
गिऱ्हाईक हलवतो तशी, भाव पटल्यासारखी.

पेटीच्या कोपऱ्यात शून्य जुळवायचा इवलासा पाना आहे,
अजून तेलकट कागदात गुंडाळलेला.
कुणी उघडलाच नाही, ना बापाने, ना मुलाने.
एका मिनिटाचं काम.
कागद सोडवला. पुन्हा गुंडाळला.

एक काडतूस तयार केलं, नळी उभी धरली, सोडलं.
टुण्ण.
उलटी केली, आपसूक तळहातावर आलं.

बर्डेटच्या डब्यावर चिकटपट्टी लावून
मी ठळक लिहिलं:
हा एक जास्त सांगतो.

मग शिसं परत तापत ठेवलं. शनिवारी एमेट
खडीच्या खाणीपाशी यायचाय,
आणि शंभर तरी लागतील.