चार्ज देताना

फ्रीजचं तापमान, लसींचा साठा, गरोदर मातांची यादी
कागदावर आहे. मोजून घे, सही कर.
बाकीचं उपकेंद्राच्या मागच्या अंगणात आहे.
त्याचं रजिस्टर नाही,
म्हणून हे वेगळं लिहिते, सिस्टर.

जास्वंदाच्या शेंड्यांवर पांढरं पीठ दिसेल.
पीठ नाही, ढेकूण आहेत.
आधी मुंग्यांची वाट मोड, त्याच त्यांना इकडून तिकडे नेतात.
मग स्पिरिटचा बोळा घे, एकेक सांधा पूस,
सुई टोचायच्या आधी दंड पुसतो तसा.
किती बोळे गेले ते वर कळवू नकोस.
नऊ वर्षं मीही कळवलं नाही.

कढीपत्ता चैत्रात पिवळा पडतो, शिरा तेवढ्या हिरव्या.
रक्त कमी असलेल्या पोरीची पापणी ओढून पाहतो ना,
तसंच. लोह.
मातीत आहे, पण बोअरच्या चुनखडी पाण्यात
मुळांना ते उचलता येत नाही.
आपल्या लाल गोळ्या लागू पडत नाहीत, करून पाहिलं.
शेवंता मडावी पंधरवड्याला आंबट ताकाचा गडवा आणते.
पैसे घेत नाही. तिच्या सुनेचं बीपी विचार, तेवढं पुरतं.

मिरचीची पानं वर वळून होडी झाली तर फुलकिडे,
खाली वळली तर कोळी.
गावात दोघांना एकच नाव, चुरडा,
आणि एकच कारण, नजर.
रात्रीतून कोणीतरी खोडाला काळी चिंधी बांधून जातं.
सोडू नकोस ती.
निंबोळीचा अर्क संध्याकाळी फवार, चिंधीच्या वर, चिंधीच्या खाली.
झाड सुधारलं तर श्रेय अर्धं अर्धं.

दसरा झाला, ओल उतरली की गुलाब छाट.
पहिल्या वर्षी माझी कात्री थांबली होती.
बंडू खंडाते कुंपणावरून म्हणाला,
"काहून भेता जी? माणसाले टाके घालता अन् काडीले भेता?"
छाटलं. पौषात एकोणीस फुलं आली, त्यातलं एक त्यानं चोरलं.

मोगऱ्याला मात्र पौषात पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची.
ते मला कधी आवडलं नाही. तरी कर.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसला जातो.
पाणी पहाटे पाचच्या आत, नाहीतर घालूच नकोस.
मुदत संपलेल्या सलाईनच्या बाटल्या धुऊन लिंबाला टांगल्या आहेत,
साधं पाणी, मिनिटाला पंधरा थेंब.
लस द्यायला आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ पाहिलं
आणि हळूच विचारलं, "झाडाले ताप हाय का बाई?"
लिंबाच्या पानांवर खैऱ्याचे ठिपके येतात.
रोगट काड्या कोरड्या दिवसात काढ, पावसात हात लावू नकोस,
ओल्या कात्रीनं रोग फिरतो.

आणि श्रावणात एक गोष्ट विसरू नकोस.
तहानलेलं झाड मान टाकतं,
बुडालेलं झाडही तशीच मान टाकतं.
दुरून दोन्ही सारखी दिसतात.
काळ्या मातीच्या कुंडीत मी तीन तुळशी मारल्या,
तिन्ही पाणी पाजून, मायेनं.
पहिल्या पेरापर्यंत नाही, दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालून पाहा,
मग ठरव.

कोपऱ्यातल्या डाळिंबाचं मला कळलं नाही.
दर वर्षी फुलतं, भरपूर फुलतं,
आणि फळ धरायच्या आत सगळं खाली.
पाणी बदललं, खत बदललं, राख घातली, बोलले सुद्धा.
कृषी सहायक आले, चहा घेऊन गेले.
तुला उमगलं तर फोन कर,
रात्री अकरा वाजता केलास तरी चालेल.

मी काही नेत नाही. जास्वंदाची एक काडी, ओल्या कापसात.
नव्या जागी अंगण फरशीचं आहे म्हणतात.

चावी दारावर नाही,
कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवली आहे.
उचलशीलच, तर खालचं भोक मोकळं आहे का
तेही पाहून घे.